कुठलं साल, कुणाची फौज?



माझी ओळख करून देताना निवेदक आत्ता म्हणाले की तत्त्वज्ञानाच्या बाई आज जपानी सैनिकांवर बोलणार आहेत, आणि मग क्षणभर थांबले. ते का थांबले ते मला कळलं. (हशा) एकतीस वर्षं मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवलं, पीएच.डी. केली ती कांटवर, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी तीन-तीन सेंटिमीटरच्या सैनिकांना रंग देत बसते. ते सैन्य इथे टेबलावर मांडलेलं आहे. पंचावन्न जण आहेत. व्याख्यान संपलं की जवळ येऊन बघा, हातात घ्या, फक्त भाल्याला धरून उचलू नका.

मला आज सांगायचंय ते असं की हे सैन्य उभं करताना माझी स्वतःची एक जुनी चूक मला सापडली. ती चूक मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली. ज्यांना शिकवली त्यांच्यातले दोघं-तिघं मला इथे मागच्या रांगेत दिसतायत, तेव्हा जाहीरपणे सांगितलेली बरी.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, भातखाचरं मांडायची, दोन्हीकडे छोटे सैनिक उभे करायचे आणि लढाई खेळायची. कोण किती सरकणार ते टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशांवर ठरवायचं. पोरखेळ वाटतो, पण त्याचं घराणं मोठं आहे. प्रशियाच्या सैन्यात राईसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने 1824 साली असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मांडला. पुढे 1913 साली एच. जी. वेल्स या लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तो दिवाणखान्यात आणला. वेल्सचं म्हणणं, खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातलं युद्ध कितीतरी बरं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. असो, त्याकडे शेवटी येऊ.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, त्यावर मावळे मांडतो. आपल्या किल्ल्यावरचा पहारेकरी बुरुजापेक्षा उंच असतो, नि कुणाचं काही बिघडत नाही. या छंदात मात्र बिघडतं. 28 मिलिमीटरचा सैनिक म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण छप्पन्नावा भाग. मग घोडा, झाड, भाला, सगळं त्याच मापात हवं. आणि मापापेक्षाही जास्त बिघडतं ते इतिहासात चूक झाली तर.

माझी मुलगी इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते. तिथे हे सैनिक बनवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की छंदातले लोक त्या भागाला ‘लेड बेल्ट’, म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. पूर्वी सैनिक शिशाचे ओतत, त्यावरून. निवृत्तीनंतर मी तिच्याकडे चार महिने राहिले होते. नातू तेव्हा अकरा वर्षांचा. त्याच्यासाठी समुराईंचा एक खोका आणला, प्लास्टिकचे तुकडे जोडून सैनिक करायचे असा. आम्ही दोघांनी मिळून वीस समुराई रंगवले. सगळ्यांच्या हातात तलवार, चिलखत लालभडक, शिरस्त्राणावर सोनेरी शिंगं. दृष्ट लागावी असे झाले होते.

ते घेऊन आम्ही तिथल्या एका क्लबात गेलो. एका वयस्कर गृहस्थांनी एकेक सैनिक उचलून पाहिला, नातवाच्या रंगकामाचं कौतुक केलं आणि विचारलं, “कुठलं साल? कुणाची फौज?”

मी म्हटलं, “समुराई आहेत.”

ते म्हणाले, “हो, पण कुठल्या सालचे?”

आता बघा. मी जन्मभर पोरांना बजावत आले की संकल्पना वापरायची तर ती कुणाची आणि कधीची ते आधी सांगा. आणि इथे मी ‘समुराई’ हा शब्द असा वापरत होते, जणू त्याला काळ-वेळ काही नाहीच. मला उत्तर देता आलं नाही. नातवाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेले नाही.

मग मी वाचायला लागले.

साल का महत्त्वाचं? जपानमध्ये 1467 साली ओनिन युद्ध पेटलं, ते दहा वर्षं चाललं. त्यात क्योतो शहर उद्ध्वस्त झालं, मध्यवर्ती सत्ता नावापुरती उरली, आणि पुढची सुमारे सव्वाशे वर्षं प्रांतोप्रांतीचे सरदार एकमेकांशी लढत राहिले. या काळाला सेनगोकु म्हणतात. पण या सव्वाशे वर्षांत फौज एकसारखी राहिलेली नाही. 1540 सालची फौज मांडायची असेल तर एकही बंदूकवाला ठेवता येत नाही, कारण पोर्तुगीजांच्या बंदुका तानेगाशिमा बेटावर पोहोचल्या त्या 1543 साली. बेटाच्या तरुण सरदाराने दोन बंदुका विकत घेतल्या, लोहारांकडून त्यांच्या नकला करवून घेतल्या, आणि काही वर्षांत देशभर कारखाने निघाले. जपानीत त्या बंदुकीला बेटाचंच नाव पडलं, तानेगाशिमा. त्या पहिल्या बंदुका युरोपातल्या नसून गोवा-मलाक्का भागातल्या कारखान्यांत घडणाऱ्या जातीच्या होत्या, असं शस्त्रांच्या बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. सहा वर्षांनी, 1549 साली, गोव्याहूनच निघालेला फ्रान्सिस झेवियर जपानात उतरला. म्हणजे माझ्या टेबलावरच्या त्या तीन बंदूकवाल्यांच्या हातातल्या वस्तूचं नातं आपल्या किनाऱ्याशी असण्याचा संभव आहे. आपल्याकडे जिला तोड्याची बंदूक म्हणत तीच ही. पेटती जामगी दारूवर टेकवायची आणि बार काढायचा.

तर मी साल ठरवलं 1575. आणि फौज ठरवली उएसुगी केनशिनची. कारण साधं होतं. त्या सालची उएसुगींची एक नोंदवही शिल्लक आहे. कुठल्या सरदाराने युद्धाच्या वेळी किती माणसं, कुठल्या हत्यारांनिशी पाठवायची त्याचा हा हिशेब. प्रत्यक्ष रणांगणावर तितकीच माणसं आली असं त्यावरून सिद्ध होत नाही, ते फक्त देणं आहे. पण निदान त्या वेळच्या माणसाने स्वतः लिहिलेला आकडा आहे.

बेरीज साडेपाच हजारांच्या आसपास जाते. त्यातले लांब भाले घेतलेले सुमारे 3600. बंदुका तीनशेच्या थोड्या वर. निशाणं धरणारे पावणेचारशेच्या आसपास. इतर पायदळ साडेसहाशे. आणि घोडेस्वार साडेपाचशेच्या जवळपास.

मी शंभर माणसांना एक सैनिक असं गणित केलं. 36 भालाईत, 3 बंदूकवाले, 4 निशाणवाले, 6 इतर पायदळ, 6 घोडेस्वार. झाले पंचावन्न. आमच्या खोक्यातले ते वीस तलवारबहाद्दर? त्यांना या हिशेबात जागाच नव्हती. घोड्यावर बसण्याच्या लायकीचे म्हणावेत तर सहा. नातू फोनवर म्हणाला, “आजी, मग सगळे भालेवालेच रंगवायचे?” मी म्हटलं, “हो बाळा, छत्तीस.” पलीकडून बराच वेळ आवाज नाही. (हशा)

हे भालाईत कोण होते? त्यांना जपानीत म्हणत आशिगारु. शब्दशः अर्थ ‘हलक्या पायाचा’. सुरुवातीला शेतावरून उचललेली, लुटीच्या आशेने आलेली माणसं. पुढे पुढे कवायत करणारं, पगारी पायदळ. त्यांचं चिलखत बहुधा त्यांचं स्वतःचं नसायचं. सरदाराच्या कोठारातून उसनं मिळायचं, लढाई संपली की परत करायचं. आपल्याकडे शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा आणि बारगिराला सरकारी घोडा मिळायचा, तसाच हा फरक. उसन्या चिलखताच्या छातीवर आणि डोक्यावरच्या शंकूसारख्या टोपीवर, तिला जिनगासा म्हणतात, मालकाचं चिन्ह काढलेलं असे. म्हणून रंगवणाऱ्याचं काम सोपं होतं. सगळे काळे किंवा तपकिरी, सगळ्यांवर एकच खूण.

उएसुगींचं कुलचिन्ह बांबूची पानं आणि चिमण्यांची जोडी. आणि केनशिनच्या निशाणावर एकच अक्षर असे, ‘बि’. ते बिशामोनतेन या देवाचं आद्याक्षर. हा बिशामोन म्हणजे आपला वैश्रवण, म्हणजेच कुबेर. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो जपानात पोहोचला आणि तिथे चिलखत घालून योद्ध्यांचा देव झाला. आपल्याकडे पैशाच्या पेटीपाशी बसणारा देव तिकडे भाला घेऊन उभा आहे, याची मला रंगवताना फार गंमत वाटली.

आता भाला. पायदळाचे भाले चार मीटरपासून सहा मीटरपर्यंत असत. पाच मीटरला छप्पन्नने भागा, जवळजवळ नऊ सेंटिमीटर येतात. खोक्यातले प्लास्टिकचे भाले याच्या निम्मे होते आणि हात लागला की तुटायचे. मी ते कापून टाकले, पितळेची तार आणली, छत्तीस तुकडे केले, एकेकाचं टोक ठोकून चपटं केलं. तीन आठवडे लागले. तेव्हा लक्षात आलं की पाच मीटरचा भाला घेऊन एकटा माणूस काहीच करू शकत नाही. वळला तर शेजाऱ्याच्या डोक्यात बसेल. तो भाला उपयोगी पडतो तो छत्तीस जण एकदम उचलतात, एकदम खाली आणतात तेव्हाच. म्हणजे या सैन्याचं बळ एकेकट्याच्या शौर्यात नव्हतं, रांग न मोडण्यात होतं.

त्या माणसांच्या जगण्याबद्दलही थोडं कळतं. सतराव्या शतकात ‘झोह्यो मोनोगातारी’ नावाचं एक पुस्तक झालं, साध्या शिपायांनी मोहिमेवर काय करावं ते त्यांच्याच तोंडून सांगणारं. त्यात एक गोष्ट अशी की अळूचे देठ मिसोमध्ये शिजवून, वाळवून त्यांची दोरी वळायची. ती सामान बांधायला वापरायची, आणि भूक लागली की तिचाच तुकडा तोडून पाण्यात उकळायचा, झालं कालवण. अळूचं फदफदं खाणाऱ्या माणसाला हे पटकन कळेल. दुसरी गोष्ट आंबट खारवलेल्या उमे फळाची. दम लागला, घसा सुकला, की ते पिशवीतून काढून नुसतं बघायचं, खायचं नाही. चिंच बघून तोंडाला पाणी सुटतं ना, तसं. हे वाचल्यावर मी सहा-सात सैनिकांच्या कमरेला गाठी मारलेल्या दोरीचं वेटोळं चिकटवलं. टेबलावर दिसत नाही, पण आहे.

याच 1575 सालची सगळ्यांत गाजलेली लढाई नागाशिनोची. ओदा नोबुनागा आणि तोकुगावा इएयासु एकीकडे, ताकेदा कात्सुयोरी दुसरीकडे. ताकेदांचे घोडेस्वार नावाजलेले. नोबुनागाने ओढ्यामागे लाकडी कुंपण घातलं, त्यामागे बंदूकवाले ठेवले, आणि ताकेदांचे मोठमोठे सेनानी त्या दिवशी पडले. कुरोसावाच्या ‘कागेमुशा’ या 1980 सालच्या चित्रपटाचा शेवट याच लढाईवर आहे. प्रसिद्ध हकीकत अशी की तीन हजार बंदूकवाले तीन रांगांत उभे होते आणि आळीपाळीने, न थांबता बार काढत होते. आता, नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीने जे लिहून ठेवलं त्यात बंदुकांचा आकडा हजाराच्या आसपास येतो, काही प्रतींत तीन हजार. पण तीन रांगांची ती कवायत त्यात नाही. ती येते ओझे होआन या नंतरच्या लेखकाच्या पुस्तकात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला.

इतिहासाच्या पुस्तकात आपण “याबद्दल मतभेद आहेत” असं लिहून पुढे जाऊ शकतो. खेळाचे नियम करणाऱ्याला ती सोय नाही. बंदूक भरायला अर्धा मिनिट तरी लागतो. मग या वळणावर माझा बंदूकवाला बार काढू शकतो की नाही? हो किंवा नाही सांगावं लागतं. ‘दर वळणाला बार’ असा नियम केलात तर तुम्ही होआनच्या बाजूने मत दिलं. ‘एक आड एक’ असा केलात तर विरुद्ध. प्रत्येक नियमाच्या पोटात इतिहासाबद्दलचं एक गृहीतक असतं, आणि खेळणाऱ्याला ते कबूल करून पुढे जावं लागतं. आमच्या तत्त्वज्ञानाच्या चर्चासत्रांत इतकी स्पष्टता क्वचित येते. (हशा)

आता माझी चूक.

नीतिशास्त्राच्या वर्गात निष्ठा हा विषय आला की मी बुशिदोचं उदाहरण द्यायची. म्हणायची, जपानी योद्ध्यांची ही शेकडो वर्षांची आचारसंहिता. तलवार हा समुराईचा आत्मा. धन्यासाठी मरण हे परमकर्तव्य. मुलं भारावून ऐकायची. माझा आधार होता इनाझो नितोबे यांचं ‘बुशिदो’ हे पुस्तक. ते निघालं 1900 साली, अमेरिकेत, इंग्रजीत. लेखक ख्रिस्ती, क्वेकर पंथाचे. पाश्चात्त्यांना जपानची नीती समजावून सांगावी या हेतूने लिहिलेलं. पुस्तक वाईट नाही. पण शांत अभ्यासिकेत लिहिलेलं ते स्पष्टीकरण मी रणांगणावरची साक्ष म्हणून वापरलं. दुसरा आधार ‘हागाकुरे’. तो ग्रंथ यामामोतो त्सुनेतोमोने सांगितला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे देशात शांतता येऊन शंभर वर्षं होत आल्यावर. सांगणाऱ्याने स्वतः एकही लढाई पाहिलेली नव्हती.

सेनगोकु काळात काय होतं? सरदार बाजू बदलत होते, नातलग नातलगांवर उठत होते. जखमांची नोंद करणारी कागदपत्रं पाहिली तर बाण, गोळ्या, दगड आणि भाले यांच्यापुढे तलवारीचा वाटा लहान दिसतो. आणि शेतकरी कुठे संपतो, शिपाई कुठे सुरू होतो, ही रेघही पुसट होती. तोयोतोमी हिदेयोशी अगदी खालच्या थरातून, शिपायाच्या घरातून वर आला आणि देशाचा धनी झाला. मग त्यानेच 1588 साली फर्मान काढून शेतकऱ्यांच्या तलवारी, भाले, बंदुका जमा करून घेतल्या. कारण सांगितलं की या लोखंडातून बुद्धाच्या भव्य मूर्तीच्या कामासाठी खिळे होतील, तुमचं कल्याण होईल. 1591 साली शिपायाने शेतकरी व्हायलाही बंदी केली. ज्या शिडीने तो वर चढला ती त्याने ओढून घेतली. पुढच्या शांततेत दोन तलवारी कमरेला लावणं ही एका जातीची ओळख ठरली, आणि त्या जातीने आपला भूतकाळ तलवारीच्या भाषेत सांगितला. छत्तीस भाले त्या गोष्टीतून गळाले. मी वर्गात शिकवत होते ती ही गाळलेली गोष्ट.

मग निष्ठा नव्हतीच का? होती. पण ती कुठे शोधायची?

नागाशिनोचा किल्ला ताकेदांनी वेढला होता. आत सुमारे पाचशे माणसं, धान्य संपत आलेलं. तोरीई सुनेएमोन नावाचा एक हलक्या दर्जाचा शिपाई रात्री नदीतून पोहत बाहेर पडला, ओकाझाकीला इएयासुकडे पोहोचला, मदत येते आहे हे कळल्यावर ते सांगायला परत फिरला आणि वाटेत पकडला गेला. ताकेदांनी त्याला सांगितलं, किल्ल्यातल्यांना ओरडून सांग की मदत येत नाही, शरण या. तुझा जीव वाचेल. तो किल्ल्यासमोर गेला आणि ओरडला की मदत येते आहे, थोडे दिवस तग धरा. त्याला खांबावर बांधून मारलं. किल्ला टिकला.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ओचिआई मिचिहिसा नावाच्या योद्ध्याने आपल्या निशाणावर चिन्ह काढून घेतलं ते या माणसाचं: खांबाला बांधलेला, जवळजवळ उघडा, हात पसरलेला. हा ओचिआई तेव्हा ताकेदांच्या बाजूचा होता असं सांगतात, म्हणजे शत्रूकडचा. ते निशाण आजही आहे, तोक्यो विद्यापीठाच्या इतिहास संस्थेत. ज्याच्या अंगावर एरवी मालकाची खूण असायची तो माणूसच इथे खूण झाला.

वेल्सकडे परत येते आणि थांबते. लोक मला विचारतात, बाई, युद्धाचा खेळ करणं बरं का? वेल्ससारखं ठाम उत्तर माझ्याकडे नाही. माझा अनुभव सांगते. खेळात माणसं पडली की टेबलावरून सैनिक उचलून बाजूला ठेवावे लागतात. पथकातला कुठला उचलायचा ते आपल्यावर असतं. नातू आणि मी खेळतो तेव्हा दोघांचेही हात आधी साध्या भालाइताकडे जातात, सोनेरी शिंगांचा नायक शेवटपर्यंत राहतो. तो दिसायला चांगला आहे ना! मी हे नातवाला दाखवलं तेव्हा तो अकराचा पंधराचा झालेला होता. त्याने थोडा विचार केला आणि पुढच्या सुट्टीत छत्तीसही जणांचे चेहरे वेगवेगळे रंगवले. कुणाला मिशी, कुणाला पांढरी दाढी, कुणाच्या गालावर व्रण. टोपीखाली ते फारसे दिसत नाहीत. म्हणूनच म्हटलं, जवळ येऊन बघा. आणि जमलं तर घोडेस्वारांपासून सुरुवात करू नका.